अडीच खोल्या

२०२५ च्या नवरात्रात, खंडेनवमीच्या आदल्या दुपारी, बेळगावच्या वडगावातल्या आमच्या जुन्या गल्लीत शेजारच्या मावशीच्या उंबऱ्यावर उभे राहून मी एक आकडा चुकीचा सांगितला. कर्नाटक राज्यभर चाललेल्या सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षणासाठी एक शिक्षिका आमच्या गल्लीत घरोघर फिरत होत्या. त्या गोकाककडच्या होत्या. मराठी त्यांना समजत होती पण बोलायचे म्हटले की अडखळत होती, आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांचे कन्नड बाजारापलीकडे फारसे जात नाही. मी आईकडे आलेलो आणि हाताशी काही काम नसलेला, म्हणून दुभाषा होऊन त्यांच्याबरोबर चार घरे फिरलो. साठ प्रश्न होते. मावशीच्या दारात आम्ही घराच्या प्रश्नांपर्यंत आलो तेव्हा बाईंनी कन्नडमध्ये विचारले, "खोली एष्ट अदाव्री?", म्हणजे खोल्या किती. खोली हा शब्द आमच्याकडे दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे मला तोंड उघडावे लागले नाही. मावशीने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "अडीच." बाईंना तेही समजले, पण मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्याला जागा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "यरडो, मूरो?", म्हणजे दोन की तीन. मी म्हणालो, "यरडु." त्यांनी दोन टिपले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मावशी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अडीच म्हटलं की रे मी."

त्या दिवसापासून ती अर्धी खोली माझ्या मनातून हलायला तयार नाही.

आमच्या गल्लीतली घरे आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक खोल्या जोडलेली आहेत. पुढे सोपा, त्याच्या मागे अंधारे माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि शेवटी परडे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून येतो आणि मधल्या माजघरात कौलात बसवलेल्या काचेतून दुपारी एक चौकोनी ऊन पडते, जे माझ्या लहानपणी आमचे घड्याळ होते. ज्या घरात विणकाम होते त्या घरात सोपा मागाचा असे. आधी खड्ड्याचा हातमाग होता, म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणणारा बसायचा आणि उरलेल्या जमिनीवर घरची माणसे वावरायची. नंतर खड्डा बुजला आणि तिथे यंत्रमाग आला. त्याने आणखी जागा खाल्ली, पण रात्री तो बंद झाल्यावर त्याच्या पायथ्याशी दोन अंथरुणे पडत, आणि भिंतीच्या बाजूने एक लहान मूल आडवे झोपू शकत असे. गल्लीतल्या बायका या खोलीला अर्धी खोली म्हणत. अर्धी मागाची, अर्धी आमची. हा हिशेब कोणी कधी लिहून ठेवला नव्हता, पण मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांनाही घर "अडीच खोल्यांचे" असेच सांगितले जाई आणि पाहुण्यांना ते बरोबर समजत असे.

त्या अर्ध्या खोलीत मीसुद्धा झोपलेला आहे. आमच्या घरी पाहुणे आले की मला उशी घेऊन मावशीकडे पाठवत. काका, म्हणजे मावशीचे यजमान, रात्री उशिरापर्यंत साडी ओढत असत. मागाचा खटका इतका एकसुरी असे की त्यात झोप लागे आणि वीज गेली की त्या अचानक आलेल्या शांततेने जाग येई. खळीचा आंबूस वास, तेल दिलेल्या लोखंडाचा वास, आणि सकाळी उठल्यावर पांघरुणावर, पापण्यांवर, पाण्याच्या तांब्यावरच्या झाकणीवर बसलेली सुताची बारीक पांढरी धूळ. मावशी माजघराच्या दारात बसून चाकावर कांड्या भरत असे. तिचा उजवा हात चाक फिरवी, डावा हात धागा सोडी आणि कानांनी ती माझा पाढा ऐकत असे. पाढ्यातले "अडीच" मी तिथेच पाठ केले. आता कोणाला पावकी, निमकी, अडीचकी म्हणता येत नाही, पण त्या सोप्यात अडीच हा एक पक्का, पूर्ण आकडा होता.

मी "दोन" का सांगितले, याचा मी पुष्कळ विचार केला. बाई सकाळपासून उभ्या होत्या, नेट जात-येत होते, पुढे अजून घरे राहिली होती, म्हणून घाई होती हे खरे. पण त्याखाली आणखी काही होते. आमच्या गल्लीत सध्या एक धास्ती आहे आणि ती शिधापत्रिकेची आहे. वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजारांच्या वर गेले, शहरात हजार चौरस फुटांहून मोठे पक्के घर निघाले, दारात चारचाकी दिसली, तर बीपीएल कार्ड जाते हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे दारात कोणीही वही किंवा मोबाइल घेऊन उभे राहिले की माणसे आपोआप आपले घर थोडे लहान करून सांगतात. मीही तेच केले. मावशी पुरेशी गरीब दिसावी म्हणून मी तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खोली पुसली. तिने मात्र स्वतःहून काहीच कमी केले नव्हते. अडीच म्हणजे अडीच.

उत्पन्नाचा प्रश्न आला तेव्हाही असेच झाले. बाईंनी वर्षाचे विचारले. मावशीला वर्षाचे उत्पन्न ही गोष्टच समजत नव्हती, कारण तिच्या हातात पैसा वर्षाने कधी आलेला नाही. काका होते तेव्हा तो आठवड्याला येई, साडीमागे ठरलेल्या मजुरीतून सूत देणाऱ्या शेठजीची उचल वजा होऊन. आता तो तुकड्यातुकड्यांनी येतो. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये, पण ते कधी दोन महिने येत नाहीत आणि कधी एकदम येतात. विधवा वेतनाचे ८००. थोरला मुलगा पुण्याजवळ कारखान्यात आहे, तो जमेल तसे पाठवतो. ती स्वतः साड्यांच्या पदराला गोंडे बांधते, ते डझनावर. विजेचे बिल गृहज्योती योजनेमुळे २०० युनिटांच्या आत शून्य येते, मग ते उत्पन्न धरायचे की नाही, असे तिने मला खरोखरच विचारले. मला उत्तर आले नाही. मी कारखान्यांचे हिशेब लिहून पोट भरतो. वाचलेला खर्च हा उत्पन्नात धरत नाहीत हे मला माहीत आहे, पण ज्या बाईने तीस वर्षे मागाच्या विजेच्या बिलाची धास्ती घेतली तिच्यासाठी शून्याचे बिल ही महिन्याची सगळ्यात ठळक कमाई आहे. सरतेशेवटी एक लाखाच्या आतला एक आकडा सांगितला गेला. त्या दुपारी ज्या चार घरांत मी गेलो त्या चारही घरांचे उत्पन्न जवळजवळ सारखेच निघाले, आणि त्यांपैकी एका घरात दोन मुलगे उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कायम आहेत, दुसऱ्यात फक्त एक आजी आणि तिची नात आहे.

मग माणसांचा आकडा. "एष्ट मंदि इद्दीरि?" मी म्हणालो, मावशी, घरात माणसे किती? ती म्हणाली, "पाच." कार्डावरही पाचच नावे होती. बाईंनी आत डोकावून पाहिले. आत कोणी नव्हते. गॅसवर एक लहान पातेले होते आणि त्यात एका माणसाचा भात होता. थोरला, त्याची बायको आणि मूल पुण्याला. धाकटा गोव्यात हॉटेलात, तो गणपतीला येतो आणि शिमग्याला येतो. जनगणनेत कुटुंब कोणाला म्हणायचे याची जी व्याख्या आहे ती मला नेहमी मराठीतूनच सुचलेली वाटते: जी माणसे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात ते एक कुटुंब. आपण वेगळे निघण्याला चूल वेगळी मांडणे असेच म्हणतो. त्या हिशेबाने मावशीचे कुटुंब एका माणसाचे आहे. पण हा हिशेब तिला कोणत्या तोंडाने सांगायचा? तिच्या फळीवर पाच ताटे आहेत, ती दर शनिवारी पाचही घासून पुसून पालथी घालते.

आणि आषाढात मंगाईच्या जत्रेला या आकड्याचे काय होते ते ज्याने पाहिले नाही त्याला वडगावची लोकसंख्या कळणार नाही. जत्रेच्या आधी वार पाळले जातात, मग त्या मंगळवारी माहेरवाशिणी येतात, इचलकरंजीची, निपाणीची, खानापूरची मुलगी-जावई येतात, पुण्या-मुंबईचे मुलगे रात्रीच्या बसने पहाटे उतरतात. ज्या घरात एक पातेले चढते तिथे परड्यात तीन दगडांची चूल पेटवावी लागते. मावशीच्या अर्ध्या खोलीत त्या रात्री मी नऊ माणसे मोजली आहेत, पाय दाराकडे, डोकी भिंतीकडे, आणि मधून चालायचे तर पदर सावरत एक पाय ठेवायला जागा शोधावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पांगतात. जनगणनेचा क्षण फेब्रुवारी संपून मार्च लागतानाच्या मध्यरात्रीचा असतो. २०११ मध्ये १ मार्च होता, आता २०२७ मध्येही १ मार्चच ठरला आहे. त्या मध्यरात्री आमची गल्ली सर्वांत रिकामी असते, कारण शाळा चालू असतात, कारखाने चालू असतात, जत्रा लांब असते.

हे सारे मला इतके का लागावे, असे माझ्या बायकोने विचारले. आम्ही आता वडगावात राहत नाही. गणेशपूरच्या बाजूला बारा फ्लॅटच्या एका इमारतीत आमचे तीन खोल्यांचे घर आहे. त्यात माग नाही, अर्धे काही नाही, प्रत्येक खोलीला दार आणि प्रत्येक दाराला कडी आहे. पण त्या बारांपैकी संध्याकाळी सात घरांतच दिवे लागतात. पाच घरे बंद आहेत. एकाचा मालक बंगळूरला, एकाचा पुण्याला, दोन घरे मुलांच्या नावाने घेऊन ठेवलेली आणि मुले परदेशी, एक विकायचे आहे पण भाव उतरत नाही म्हणून विकले जात नाही. दिवाळीला त्यांच्या दारांवर आमच्या वॉचमनची बायको रांगोळी काढते. ते तिच्या कामात येत नाही, पण दार ओस दिसू नये म्हणून ती काढते. स्वतः वॉचमनचे कुटुंब तळमजल्यावर पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत राहते, चौघे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३३ कोटी घरे मोजली गेली आणि त्यांतली जवळजवळ अडीच कोटी रिकामी निघाली. त्याच मोजणीत देशातल्या शंभरांपैकी सदतीस कुटुंबे एका खोलीत राहत होती. हे दोन आकडे मी पूर्वी वाचले होते आणि विसरलो होतो. आता जिन्यातून खाली उतरताना रोज मला ते दिसतात. पंपाशेजारी ते एकमेकांच्या डोक्यावर उभे आहेत.

खोली म्हणजे काय, हेही जनगणनेने ठरवलेले आहे. लांबी किमान दोन मीटर, रुंदी दीड मीटर, उंची दोन मीटर, म्हणजे माणूस आडवा होऊ शकेल आणि उभा राहू शकेल. स्वयंपाकघर, न्हाणी, ओसरी, अडगळ त्यात धरत नाहीत, पण जिथे स्वयंपाकही होतो आणि माणसेही झोपतात ती खोली धरतात. दुकान म्हणून वापरात असलेली खोली धरत नाहीत. मी ही व्याख्या पुन्हा पुन्हा वाचली. माणसाच्या शरीराचे माप घेऊन खोलीची व्याख्या करावी यात मला काही तरी फार चांगले वाटले. पण दिवसा बारा तास माग चालतो आणि रात्री त्याच्या पायथ्याशी चार माणसे निजतात, ती खोली यातल्या कुठल्या ओळीत बसवायची हे शेवटी दारात उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते. आमच्या गल्लीत पन्नास वर्षे ते कोणी ना कोणी दर दहा वर्षांनी ठरवत आले असणार, कधी एक, कधी दोन, कधी तीन, आणि त्यावरून वडगावातली माणसे किती दाटीने राहतात याचा तक्ता झाला असणार.

बेळगावचा विस्तार समजून घ्यायचा तर हे तक्ते फार उपयोगी आहेत, हे मी नाकारत नाही. २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४ लाख ९० हजार माणसे होती, आणि आजूबाजूच्या वस्त्या धरून ६ लाख १० हजार. म्हणजे त्या वेळी १ लाख २० हजारांच्या आसपास माणसे अशा जागी राहत होती ज्या शहराला चिकटलेल्या आहेत पण शहरात नाहीत: हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे, काकती. वस्ती पाच हजारांच्या वर, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी शंभरात पंचाहत्तर जण शेतीबाहेर, अशी गावे जनगणना आपल्या कागदावर शहर म्हणून धरते, मग तिथे ग्रामपंचायत का असेना. पिरनवाडीच्या रस्त्याने सकाळी आठला उद्यमबागेकडे निघालेल्या दुचाकींची रांग ज्याने पाहिली त्याला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी अजून म्हैस आहे. त्यांचे वडील स्वतःला शेतकरी लिहवतात, मुलगा लेथवर आहे, आणि शेत तीन गुंठ्यांचे उरले आहे.

गुंठा या शब्दाने आमच्या भागाचे जेवढे केले तेवढे कशाने केले नसेल. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि तीस-चाळीसचा प्लॉट म्हणजे १,२००. या दोन मापांमधल्या एकशे अकरा फुटांवरून शिवारात किती भावांचे बोलणे बंद झाले ते सांगता येणार नाही. वडगाव आणि शहापूरच्या शिवारात बेळगावचा बासमती पिकत असे. आश्विनात लोंब्या भरल्या की संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर तो वास गल्लीपर्यंत यायचा आणि आई म्हणायची, भात निसवला. अजूनही काही शेतकरी तो हट्टाने करतात. पण बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शिवारात पसरते, पेरलेले कुजते, दुबार पेरणी होते आणि त्यातच बाजूला कोणी तरी चुन्याची रेघ मारून प्लॉट पाडलेले असतात. एन.ए., म्हणजे बिनशेती, नसलेल्या जमिनीवर आधी चार खांब उभे राहतात, मग पत्रा, मग संसार, आणि त्यानंतर पंधरा वर्षे त्या घराचा माणूस खाते उताऱ्यासाठी फेऱ्या घालतो. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. गल्लीतल्या आठ फुटी घराची दोन भावांत उभी वाटणी केली तर प्रत्येकाला चार फूट येते, आणि चार फुटांत माणूस आडवाही झोपत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी आमच्या गल्लीतही आले. ज्यांचे खड्ड्याचे माग होते त्यांच्या खड्ड्यांत पाणी भरले आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे सूत, कुजला. मातीच्या भिंती बसल्या. मावशीची पुढची भिंत फुगली पण पडली नाही. काका तेव्हा होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी यंत्रमागाची मोटर उन्हात ठेवली आणि तिच्याशेजारी पाटावर बसून राहिले, आजारी माणसाजवळ बसावे तसे. माग पुन्हा चालू झाला, पण पुढच्याच वर्षी टाळेबंदीत सूत आले नाही आणि त्यानंतर काका गेले. माग भंगारवाल्याने किलोवर नेला. न्यायला आलेल्या पोरांनी तो सोप्यातच खोलून तुकडे केले, कारण अख्खा माग दारातून बाहेर निघत नव्हता. आत येतानाही तो तुकड्यांनीच आला होता. मावशीने त्यातला फक्त धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, ठेवून घेतला.

सीमाभागातल्या माणसाला जनगणना म्हटले की एकच रकाना दिसतो, मातृभाषेचा. यात काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. १९५१ च्या जनगणनेतल्या भाषेच्या आकड्यांवर आमच्या दोन पिढ्यांचे वाद, मोर्चे, निवेदने उभी राहिली, सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे गावागावांचे टक्के मांडले गेले, आणि लहानपणी आमच्या घरी जनगणनेचा माणूस येऊन गेला की वडील एकच विचारत, "भाषा काय लिहिली? पेनने लिहिली की पेन्सिलने?" मावशीच्या दारातही त्या प्रश्नावर मी सावध झालो होतो, बाईंनी नीट मराठी टिपले हे मी पडद्यावर वाकून पाहिले, आणि त्यांनीही ते मला न मागता दाखवले, त्या बाईंचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही. पण भाषेवर मी जेवढा वाकलो तेवढा खोल्यांवर वाकलो नाही. आमची सगळी जागरूकता त्या एका रकान्यात खर्च झाली. शेजारच्या रकान्यांत काय लिहिले गेले, कोणाच्या घरात किती माणसे किती जागेत राहतात, कोणाची मजुरी किती, कोणाचे मूल कुठे गेले आणि का गेले, हे आमच्याच माणसांचे मराठीत राहणारे, मराठीत झोपणारे आयुष्य आम्ही कधी मोजून मागितले नाही. टक्का किती हे आम्हांला पाठ आहे. त्या टक्क्यातला माणूस पाय लांब करून झोपतो का, हे मलाही त्या दुपारपर्यंत विचारावेसे वाटले नव्हते, आणि मी तर त्याच जमिनीवर झोपून मोठा झालो.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना २०२१ ला पहिल्यांदा चुकली. मधल्या काळात आमच्या गल्लीतले किती माग गेले हे कुठल्या कागदावर नाही. २०११ मध्ये मावशीच्या सोप्यात माग चालू होता आणि माणसे पाच होती. आता २०२६ मध्ये घरयादीला कोणी येईल तेव्हा माग नसेल आणि माणूस एक असेल. मधली पंधरा वर्षे एका रेघेसारखी दिसतील. खोल्या मात्र वाढलेल्या दिसतील, कारण माग गेल्यावर ती खोली व्याख्येप्रमाणे पूर्ण एक खोली झाली. दर माणशी जागाही पाचपट निघेल. तक्ता पाहणाऱ्याला वाटेल की या घराचे बरे झाले.

खंडेनवमीला सकाळी आईने मला मावशीकडे नैवेद्य घेऊन पाठवले. आमच्या भागात या दिवशी माग बंद ठेवून त्याची पूजा करतात. लहानपणी गल्लीभर झेंडूची माळ घातलेले माग दिसत आणि त्या दिवशीच्या शांततेत माणसांचे आवाज वेगळेच वाटत. मावशीने सोपा शेणाने सारवला होता. अजूनही तिने तिथे फरशी घातलेली नाही. जिथे माग होता तिथल्या जमिनीचा रंग वेगळा आहे. तेल मुरून ती काळपट झाली आहे आणि सारवण वाळले की खालचा आयताकृती डाग पुन्हा वर येतो. त्या डागाच्या बरोबर मध्ये पाट मांडून तिने त्यावर धोटा ठेवला होता. लाकूड हाताने घासून मधासारखे झालेले, दोन्ही टोकांना पितळी टोपी, पोटात एक भरलेली कांडी. हिरव्या सुताची. कांडी तिने त्या सकाळी भरली होती, असे ती म्हणाली. चाक माळ्यावरून काढून, पुसून, एक कांडी भरून पुन्हा माळ्यावर ठेवले. मी पाटाच्या अलीकडे थांबलो. आजही त्या डागावर पाय ठेवायचा झाला की माझे पाऊल आपोआप वळसा घेते, मावशीचेही घेते, आणि दिवाळीत पुण्याहून आलेला तिचा सहा वर्षांचा नातूही, ज्याने तिथे माग चालताना पाहिलेला नाही, तो भिंतीच्या कडेकडेनेच धावताना मी पाहिला.

दिवाळीत मी पुन्हा गेलो तेव्हा घराला निळसर रंग दिला होता. थोरला आठ दिवसांसाठी आला होता, त्यानेच दिला. चौकटीवर सर्वेक्षणाचा कागदी स्टिकर होता, त्याच्या चारही बाजूंनी ब्रश फिरवून तो तसाच राखला होता आणि त्याच्या वर, जुन्या रंगाच्या पापुद्र्याखाली, कधी तरी गेरूने लिहिलेला एक जुना घरक्रमांक अर्धवट दिसत होता. अर्ध्या खोलीत चार अंथरुणे गुंडाळून भिंतीला लावलेली होती. मावशी चकलीचा डबा घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवला आणि स्टिकरकडे बोट करून म्हणाली, "त्या बाई परत येणार हाईत काय रे?"

मी म्हणालो, त्या येणार नाहीत, पण पुढच्या वर्षी दुसरे कोणी तरी घरे मोजायला येईल.

"मग त्यांना नीट सांग," ती म्हणाली. "आणि तू सांगू नको. मला हाक मार."